ताकदीची गोळी

पूर ओसरल्यावर आठवडाभर आमच्या गच्चीतल्या दोरीवर कपड्यांऐवजी कागद वाळत होते. घर सांगलीच्या गावभागात. आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ४५ फुटांची धोक्याची पातळी गाठली की आमच्याकडे सामान माळ्यावर चढायला लागतं, ही घरची जुनी रीत. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि माळ्यावरची ट्रंकसुद्धा भिजली. लाईटबिलं, मुलाची प्रगतिपुस्तकं, सासऱ्यांच्या सातबाऱ्याचे उतारे, एकमेकांना चिकटलेले कागद सोडवून मी चिमट्यांनी टांगत होते. चिखलाचा वास असा की नाकाला ओढणी बांधून काम करायचं.

त्यात एक चिठ्ठी निघाली. डॉक्टरची, २००६ सालची. वरचं छापील नाव आणि शिक्का पार विरघळला होता, बॉलपेनचं अक्षर मात्र शाबूत. एका गोळीचं नाव, खाली '१० मिग्रॅ, रात्री जेवणानंतर'. नाव कंपनीचं होतं, म्हणून आत औषध कुठलं ते सहज मोबाईलवर पाहिलं आणि तिथंच पाण्याच्या टाकीला टेकून बसले. एस्सिटालोप्राम, चिंतेवर आणि नैराश्यावर देतात ते. २०१६ पासून दोन वर्षं मिरजेच्या डॉक्टरांकडून मी घेत होते ते हेच, फक्त पाकीट वेगळ्या रंगाचं. ज्या गोळीनं मला माणसांत आणलं असं मी बहिणीला शंभरदा सांगितलं होतं, ती गोळी दहा वर्षं आधीच माझ्या पोटात जाऊन आली होती. आणि तेव्हा तिनं काहीही केलं नव्हतं.

मला काय होत होतं ते आधी सांगते. चारचौघांत माझा हात थरथरायचा. एकटी असले की काही नाही. कुणी बघतंय असं वाटलं की कोपरापासून खाली हात जणू दुसऱ्याचा. १९९७ साली माझा पहिला बघण्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा चहाचा ट्रे घेऊन मी उंबरा ओलांडला आणि कप बशीत वाजायला लागले. पाच कप, पाच बश्या. पाहुण्यांमधले एक काका पाटणकडचे होते. ते छताकडे बघून म्हणाले, "कोयनेचा धक्का बसला का काय ओ?" सगळे हसले. माझी आत्या लगेच म्हणाली, "लाजाळू आहे हो पोर आमची." आणि गंमत म्हणजे ते माझ्या बाजूनं मोजलं गेलं! मुलगा असा थरथरला असता तर 'सभाधीट नाही' म्हणून त्याला नावं ठेवली असती. मुलगी म्हटल्यावर तेच लक्षण तोंडभर कौतुकाचं. आजार सगळ्यांदेखत ट्रेमध्ये वाजत होता आणि घरातल्या बायका त्याला संस्कार म्हणत होत्या.

(ते स्थळ जमलं नाही. जमलं ते तिसरं. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवायच्या आधीच हात पुढं करून कप उचलला. पुढं वीस वर्षं मी त्यांना विचारलं नाही, की तुम्ही घाईनं उचललात की माझ्यासाठी उचललात.)

मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. नोकरी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये. रसाचा ब्रिक्स, म्हणजे विरघळलेले घन पदार्थ, घ्यायचा, पोल, म्हणजे त्यातली साखर, काढायचा, रजिस्टरला आकडे भरायचे. ही नोकरी मी का धरली याचं खरं कारण कुणाला सांगितलं नव्हतं: पोल मोजायच्या पोलॅरिमीटरमध्ये आपण बघतो, तो आपल्याकडे बघत नाही.

मग बँक. २००४ मध्ये पगाराचं खातं काढताना काउंटरवर नमुन्याच्या तीन सह्या करायला लावल्या. मागे रांग, पुढं क्लार्क, त्याची नजर माझ्या पेनाच्या टोकावर. तिन्ही सह्या अशा आल्या की मुंगी शाईत पडून कागदावर चालली असावी. खरी अडचण पुढंच होती. घरी जेवणाच्या टेबलावर मी चेकवर सही करायची ती मोत्यासारखी. चेक परत यायचा: सही जुळत नाही. दोनदा आला. मग मी रात्री वहीत बसून थरथरती सही गिरवायला शिकले. माझ्याच भीतीची नक्कल! चांगली जमायला लागली, पुढचे चेक वटले.

पण त्या दुसऱ्या चेकनंतर मी डॉक्टरकडे गेले होते, तीच ही चिठ्ठी. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, नाडी बघितली आणि म्हणाले, "अशक्तपणा आहे. ताकदीची गोळी देतो." आता वाटतं, हेतू वाईट नसावा. 'मनाची गोळी' म्हटलं असतं तर ही बाई पायरीवरूनच परत जाईल असा हिशोब असणार, आणि २००६ मध्ये मी खरंच गेले असते. मला मळमळायला लागलं, झोप उडाली. ताकदीच्या गोळीनं मळमळतं कसं, या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. एकविसाव्या दिवशी पट्टी कचऱ्यात टाकली.

पुढची दहा वर्षं लिहिण्यासारखी नाहीत. लग्नांत मी वाढायला जायची नाही, पंगतीत शेवटी बसायची. २०१६ मध्ये लॅबची इन्चार्ज व्हायची पाळी आली. त्यात एकच काम नवं होतं: रोज सकाळी खातेप्रमुखांच्या मीटिंगमध्ये कालचे आकडे वाचून दाखवायचे. पाच मिनिटांचं काम. मी बढती नाकारली आणि घरी सांगितलं नाही. महिन्याभरानं यांना बाहेरून कळलं. हे चिडले नाहीत, फक्त म्हणाले, "चल, मिरजेला जाऊ." मिरज यासाठी बरी की तिथं कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतात, कोण कशासाठी आलंय याची कुणाला पडलेली नसते.

सतारमेकर गल्लीवरून आम्ही गेलो. एका दुकानात मुलगा तंबोऱ्याच्या भोपळ्यावर पॉलिश मारत होता, त्याचा हात इतका सावकाश आणि स्थिर की मला त्याचा हेवा वाटला. हे आता मजेशीर वाटतं, कारण थरथरणाऱ्या हातांच्या औषधाचा एक धागा वाजवणाऱ्यांपाशीच जातो. १९७७ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांना कार्यक्रमाआधी ऑक्सप्रेनोलॉल देऊन पाहिलं होतं. बो, म्हणजे गज, धरलेला हात कापला की सूरच कापतो. या जातीची औषधं, आपल्याकडं प्रोप्रानोलॉल जास्त ओळखीचं, ॲड्रेनॅलिनचा हृदयावरचा आणि स्नायूंवरचा हुकूम अडवतात. धडधड थांबते, हात थांबतो. मी डॉक्टरांना तेच मागितलं. त्यांनी विचारलं, "लहानपणी दमा होता?" होता. मग ते औषध माझ्यासाठी नाही. शिवाय ते म्हणाले, ते एका मैफलीपुरतं ठीक. तुमची मैफल रोज सकाळी उठल्यापासून सुरू होते.

मग त्यांनी नाव सांगितलं: सोशल अँग्झायटी डिसऑर्डर. बेचाळीस वर्षांच्या बाईला लाज, भीड, बुजरेपणा, मुखदुर्बळपणा हे सगळे शब्द ठाऊक होते, हा नव्हता. त्यांनी कागदावर मेंदूचा आडवा छेद काढला, आत बदामाएवढा ठिपका. अमिग्डाला. नावाचा अर्थच बदाम. धोका दिसला की घंटा वाजवणारा भाग, तुमचा जरा हलक्या कानाचा आहे, म्हणाले. सेरोटोनिन, मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन, कमी पडतं, ही गोळी ते वाढवते. आधी ५, मग १०, सहाव्या आठवड्यापासून २० मिलिग्रॅम. पहिले पंधरा दिवस मळमळेल, झोप बिघडेल, घाबरू नका. बारा आठवडे झाल्याशिवाय निकाल लावू नका. मनानं एकदम बंद करू नका. वीस मिनिटं बोलले. मी घड्याळ बघितलं होतं.

मळमळ आली तशी मी खूश झाले. लागू पडतंय म्हटलं.

तिथून मला वाचायचा नाद लागला. लॅबच्या बाईला पद्धत कळल्याशिवाय आकड्यावर विश्वास बसत नाही. हा आजार पुस्तकांत किती उशिरा शिरला ते वाचून नवल वाटलं. फ्रान्समध्ये पिएर जानेनं १९०३ मध्येच चारचौघांच्या भीतीवर लिहिलं होतं. १९६६ मध्ये लंडनच्या मार्क्स आणि गेल्डर यांनी ती सापांच्या, उंचीच्या भीतीपासून वेगळी काढली, कारण ती वेगळ्या वयात, वयात येतानाच्या सुमाराला सुरू होते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत ती १९८० मध्ये आली. आणि १९८५ मध्ये, मी सहावीत असताना, न्यूयॉर्कच्या मायकेल लिबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी लेख लिहिला तो 'दुर्लक्षित आजार' म्हणून. सहावीत मी इतिहासाच्या तासाला धडा वाचायची पाळी येऊ नये म्हणून पोटात दुखतंय सांगून घरी यायची. दुर्लक्षित म्हणजे किती, ते मला विचारा.

लिबोविट्झनी १९९२ मध्ये दोन औषधं आणि एक नुसती साखरेची गोळी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. प्रोप्रानोलॉलच्याच कुळातलं अटेनोलॉल साखरेच्या गोळीपेक्षा फारसं पुढं गेलं नाही. फेनेल्झिन गेलं. या फेनेल्झिनचं घराणं मला फार आवडतं. क्षयावरचं इप्रोनियाझिड १९५२ च्या सुमाराला देत होते, तर न्यूयॉर्कच्या क्षयरुग्णालयात माणसं एकदम टवटवीत, बोलकी व्हायला लागली. तिथून या जातीची मनाची औषधं निघाली. आमच्या सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडी आहे, तिथं क्षयरोग्यांचं सॅनेटोरियम होतं. बसमधून जाताना हल्ली मी उगाच तिकडं बघते. फेनेल्झिनची खोड अशी की ते घेताना मुरलेलं चीज, आंबवलेले पदार्थ खाल्ले तर रक्तदाब धोकादायक चढतो. म्हणून पुढं नव्या गोळ्या आल्या तेव्हा ते मागं पडलं. १९९८ मध्ये त्यातल्याच एका, पॅरोक्सेटिनची चाचणी छापून आली: औषधानं ५५ टक्क्यांना गुण, औषध नसलेल्या नुसत्या गोळीनं सुमारे २४ टक्क्यांना. १९९९ मध्ये अमेरिकेत त्याला या आजारासाठी परवानगी मिळाली आणि जाहिरात झळकली: कल्पना करा, तुम्हाला माणसांचीच ॲलर्जी आहे.

त्या जाहिरातीवर पुष्कळ टीका झाली, भिडस्तपणा बाजारात मांडला म्हणून. टीका पटते. तरी ते वाक्य १९९९ मध्ये सांगलीत कुणी माझ्यासमोर धरलं असतं तर मी तिथंच रडले असते. दोन्ही खरं आहे.

पण मला त्या आकड्यातला २४ जास्त बोचला. काहीच नसलेल्या गोळीनं चारातल्या एकाला गुण?

मग बदाम. हार्वर्डच्या जेरोम केगननी चार महिन्यांच्या बाळांसमोर रंगीत खेळणी हलवून, अनोळखी आवाज ऐकवून पाहिलं. सुमारे पाचातलं एक बाळ हातपाय झाडून रडायचं. अशी मुलं पुढं बुजरी निघायची शक्यता जास्त, पण सगळी निघत नाहीत, आजारी तर थोडीच होतात. माझी आई सांगते की शेजारच्या काकूंनी उचललं की मी निळी पडेपर्यंत रडायची. हे वाचून मला बरं वाटलं, का ते सांगता येत नाही. बहुधा दोष पाळण्यापर्यंत मागं ढकलता आला म्हणून.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या लोकांनी २००२ मध्ये याच आजाराच्या अठरा जणांना स्कॅनरमध्ये असताना लोकांसमोर भाषण करायला लावलं. काहींना नऊ आठवडे सिटालोप्राम, माझ्या गोळीचं सख्खं भावंड, दिलं, काहींना गोळीशिवाय नुसते भीतीला सामोरं जायच्या सरावाचे उपचार, काहींना नुसतं थांबवून ठेवलं. ज्यांना बरं वाटलं त्यांच्या अमिग्डालातला रक्तप्रवाह कमी झाला, गोळीवाल्यांचाही आणि सराववाल्यांचाही. दोन वेगळे रस्ते एकाच घंटेपाशी. तिथवर मी मिरजेच्या डॉक्टरांचा कागद समोर ठेवून वाचत होते आणि सगळं जुळत होतं.

त्याच उप्सालाचं २०१५ चं काम वाचलं आणि कागद बाजूला ठेवला. त्यांनी या रुग्णांच्या अमिग्डालात सेरोटोनिन किती तयार होतं ते मोजलं. कमी नाही, जास्त! इतरांपेक्षा जास्त. म्हणजे मला सांगितलेली गोष्ट, सेरोटोनिन कमी पडतं, ही निदान त्या बदामापुरती उलटी निघत होती. गोळी घेऊन हात थांबला होता, ते खरं. पण रीडिंग बरोबर आणि सूत्र चुकीचं, असा प्रकार. लॅबमध्ये असं झालं तर मी मुलांना रजिस्टर परत लिहायला लावते.

या सगळ्यावर कडी २०१७ ची, पुन्हा उप्सालाचीच. ४६ रुग्ण. सगळ्यांना नऊ आठवडे एस्सिटालोप्राम, सगळ्यांना २० मिलिग्रॅम, माझाच डोस. फरक फक्त सांगण्यात. निम्म्यांना खरं सांगितलं, की हे या आजारावरचं परिणामकारक औषध आहे. उरलेल्यांना सांगितलं, की यानं थोडे दुष्परिणाम होतील, पण आजारावर उपयोग नाही. खरं सांगितलेल्यांत निम्म्यांना गुण आला. खोटं सांगितलेल्यांत १४ टक्क्यांना. गोळी तीच.

हे मी पुराच्या आधीच वाचलं होतं. 'बघा, माणसं कशी असतात' म्हणून यांना वाचूनही दाखवलं होतं. आणि मग गच्चीत ती चिठ्ठी हातात आली. माणसं म्हणजे मीच. ताकदीची गोळी आणि मेंदूची गोळी, मधे दहा वर्षं.

आता माझ्यातली केमिस्ट लगेच हरकत घेते, आणि तिचं बरोबर आहे. २००६ मध्ये १० मिलिग्रॅम, एकवीस दिवस. या जातीच्या औषधाचा गुणच मुळी चार-सहा आठवड्यांनी दिसायला लागतो. २०१६ मध्ये दुप्पट डोस, दोन वर्षं. एक नमुना गाळून घेतला आणि एक न गाळता, असली तुलना मी कुणाला करू दिली नसती. पण एकवीस दिवसांत मी ती सोडली का? कारण मळमळ होणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बहुधा टिकले असते. म्हणजे शब्द गोळीत मिसळत नाहीत असं म्हटलं, तरी पट्टी पुरी होईपर्यंत ती कचऱ्यात न टाकण्याचं काम शब्दच करतात. आणि दुसऱ्या वेळी मला टिकवणारे शब्द पुरते बरोबरही नव्हते, यावर मला हसावं की रागवावं ते अजून ठरत नाही. मी त्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "सोपं करून सांगावं लागतं ओ." मग थोडं थांबून, "आणि आम्हालाही तेव्हा तसंच शिकवलेलं."

एक मात्र गोळीच्या खात्यावर मांडता येत नाही. त्याच दवाखान्यात एक सायकॉलॉजिस्ट मुलगी होती, माझ्या भाचीच्या वयाची. तिनं मला घरचा अभ्यास दिला. गणपती पेठेत भडंगाच्या दुकानात संध्याकाळच्या गर्दीत जायचं, पाव किलो भडंग मागायचा आणि पैसे सगळे सुट्ट्या नाण्यांत द्यायचे. एकेक मोजून. हात थरथरला तर थरथरू द्यायचा, लपवायचा नाही. आणि मोजताना माझा हात कसा दिसतोय ते बघायचं नाही, दुकानदार काय करतोय ते बघायचं.

ते शेवटचं सगळ्यात अवघड. तोपर्यंत मी अशा प्रत्येक ठिकाणी स्वतःलाच बाहेरून बघत आले होते. दुकानदार, क्लार्क, पाहुणे यांचे चेहरे मला आठवतच नाहीत. पहिल्या दिवशी तीन नाणी खाली पडली. एक गडगडत पोत्याच्या मागं गेलं. मागची बाई म्हणाली, "होऊ द्या सावकाश," आणि तिच्या पोराला तिनं खाकरून गप्प केलं. दुकानदारानं नाणी मोजून घेतलीच नाहीत. तळहातानं गल्ल्यात ढकलली आणि माझ्या मागच्याला विचारलं, "लसणाचा का साधा?" एवढं बघायला मला पंचवीस वर्षं आणि तेवीस नाणी लागली. भडंग मात्र घरी कुणाला संपेना, अकरा वेळा आणला.

२०१८ मध्ये डॉक्टरांनी चार महिन्यांत हळूहळू कमी करत गोळी बंद केली. इन्चार्ज मी झालेच नाही, ती जागा तोवर भरली होती.

पुरानंतर बँकेनं बोलावलं. शाखेच्या तळमजल्यात पाणी शिरलं होतं, कागदपत्रं नव्यानं घेत होते. काउंटरवर तीन चौकोनांचं कार्ड, मागं नेहमीसारखी रांग, बऱ्याच जणांच्या हातात अजून ओलसर वासाच्या पिशव्या. क्लार्क पोरगेला होता. त्याच्या स्क्रीनवर माझी २००४ ची सही होती. त्यानं ती मोठी केली, कार्डाकडं पाहिलं, पुन्हा स्क्रीनकडं.

"काकू, ही कुणी केलेली?"

"मीच."

"जुळत नाही ओ."

"जुळायची नाही," मी म्हणाले. त्यानं मान वाकडी करून तिन्ही चौकोन पुन्हा तपासले. मी त्याच्याकडं बघत होते. खिशाच्या पेनचं टोपण गायब होतं आणि शर्टाला निळा डाग पडायला लागला होता, त्याला पत्ता नव्हता.

"तिसरी जराशी हलली आहे," तो म्हणाला. "चालतंय." आणि शिक्का मारला.